स्वस्त डीएसएलआरमधून काय काय कापलं गेलं?

गेल्या महिनाभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. शब्द वेगळे, मुद्दा एकच: "फील्डवर्कला कॅमेरा लागणार आहे, पंचवीस हजारांच्या वर जाता येत नाही, कोणता एन्ट्री-लेव्हल डीएसएलआर घेऊ?" दोघांना मी मॉडेलचं नाव सांगून मोकळा झालो. तिसऱ्या मुलीने विचारलं, "पण तोच का?" तिला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट.

मॉडेलची नावं सहा महिन्यांत शिळी होतात. ती मॉडेलं तशी का बनली, हे मात्र शिळं होत नाही. तुम्ही सेकंडहँड बाजारात जो कॅमेरा हातात घ्याल तो २००८चा असो की २०१८चा, त्याच्यावर वीसेक वर्षांच्या काटछाटीच्या खुणा असतात. त्या वाचता आल्या तर दुकानदाराला काही विचारायची गरज फारशी पडत नाही. तेव्हा आज थोडा इतिहास. आधीच सांगतो, मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. मी सड्यावरच्या पावसाळी वनस्पतींचे फोटो काढून त्यातून हिरवेपणा मोजतो. या इतिहासात मी शिरलो तो माझा अख्खा एक पावसाळा वाया गेल्यावर. ते पुढे येईलच.

सुरुवात १९७५ला धरतात. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने सीसीडी वापरून एक यंत्र जोडलं. १०० बाय १०० पिक्सेल, म्हणजे एक शतांश मेगापिक्सेल. चित्र साठायचं कॅसेटच्या टेपवर, आणि एक चित्र टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. सीसीडीची कल्पना त्याआधीची, १९६९ची, बेल लॅब्समधल्या विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांची. त्यांना त्यासाठी २००९मध्ये नोबेल मिळालं. कोडॅकमध्येच ब्राइस बेयर यांनी त्याच सुमारास रंगीत फिल्टरची ती प्रसिद्ध जाळी सुचवली: चार पिक्सेलमध्ये एक लाल, एक निळा, दोन हिरवे. तिचं पेटंट १९७६चं. आज तुम्ही कुठलाही डीएसएलआर घ्या, त्याच्या सेन्सरवर जवळपास नक्की हीच जाळी असते. आपल्या डोळ्याला बारकावे हिरव्याच्या आसपास जास्त कळतात, म्हणून हिरवे दोन. माझ्यासारख्या पानं मोजणाऱ्याला हा फुकटचा फायदाच.

विकत मिळणारा पहिला डीएसएलआर १९९१चा, कोडॅक डीसीएस १००. निकॉनची एफ३ ही फिल्मची बॉडी, मागे १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर, आणि केबलने जोडलेला एक वेगळा डबा जो खांद्याला अडकवून फिरायचं. त्या डब्यात २०० एमबीची हार्ड डिस्क. किंमत वीस हजार डॉलरपासून पुढे. एकूण हजारभरसुद्धा विकले गेले नाहीत. हा कॅमेरा घेणारे लोक म्हणजे वृत्तसंस्था वगैरे, ज्यांना फोटो दहा मिनिटं आधी पोचवण्याचे पैसे मिळत होते. १९९९मध्ये निकॉनचा डी१ आला, २.७ मेगापिक्सेल, पाच हजार डॉलरच्या आसपास. पुढच्या वर्षी कॅननचा डी३०, तीन मेगापिक्सेलचा, तीन हजारांच्या घरात. डी३०मध्ये सीमॉस सेन्सर होता. तेव्हा सीमॉस म्हणजे स्वस्त आणि नॉइज जास्त, असा सर्वसाधारण समज होता. कॅननने प्रत्येक पिक्सेलचा नॉइज चिपवरच वजा करायची व्यवस्था केली आणि तो समज हळूहळू मागे पडला. आज सगळेच सीमॉस वापरतात.

इथपर्यंतचा इतिहास श्रीमंतांचा. आपला सुरू होतो ऑगस्ट २००३ला.

त्या महिन्यात कॅननने ईओएस ३००डी जाहीर केला, अमेरिकेत डिजिटल रेबेल या नावाने. नुसती बॉडी ८९९ डॉलर, १८-५५ लेन्ससकट ९९९. हजार डॉलरच्या आतला पहिला डीएसएलआर. "एन्ट्री-लेव्हल डीएसएलआर" आणि "किट लेन्स" हे आपल्या तोंडात बसलेले शब्द याच काळात रुळले. हे लक्षात ठेवा, कारण एन्ट्री-लेव्हल ही तांत्रिक जात नाही, ती मार्केटिंगने पाडलेली पायरी आहे. ती कशी पाडली हे बघायला त्याच्या मोठ्या भावाशेजारी ठेवून बघावं लागतं. तो भाऊ म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला १०डी, दीड हजार डॉलरचा.

दोघांत ६.३ मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर जवळजवळ तोच. प्रोसेसर तोच. मग सहाशे डॉलर गेले कुठे? बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूऐवजी प्लास्टिकची झाली. व्ह्यूफाइंडरमधलं काचेचं भरीव पेंटाप्रिझम काढून तिथे आरशांची पोकळ जोडणी आली, तिला पेंटामिरर म्हणतात. हलकी, स्वस्त, पण आत बघताना जरा अंधारं. सलग फोटो ९ऐवजी ४. आणि काही गोष्टी नुसत्या बंद करून टाकल्या. भाग तेच होते, सॉफ्टवेअरमध्ये कुलूप घातलं होतं. हे आपल्याला कसं कळतं? रशियातल्या एका हौशी माणसाने फर्मवेअरमध्ये फेरफार केले आणि ३००डीमध्ये आयएसओ ३२००, मिरर लॉक-अप, फ्लॅशची कमीजास्त भरपाई असल्या गोष्टी चालू करून दाखवल्या. इतिहासाच्या भाषेत हा पुरावा फार मोलाचा. कंपनीने काय सांगितलं हा एक भाग, पेटी उघडल्यावर आत काय निघालं हा दुसरा.

आता सेन्सर का कापला नाही, किंवा नेमका किती कापला, हे समजून घेऊ. सिलिकॉनची चकती गोल असते आणि तिच्यातून चौकोनी सेन्सर कापतात. दिवाळीत शंकरपाळी कापताना बघा: गोल पोळी, तुकडे लहान केले तर भरपूर निघतात आणि कडेचं वाया जाणारं कमी. तुकडे मोठे केले तर उलट. शिवाय पोळीवर चार ठिकाणी कचरा पडला असेल तर लहान शंकरपाळ्यांत चारच फेकाव्या लागतात. पोळीचे सहाच मोठे तुकडे केले असतील तर जवळपास सगळीच पोळी गेली. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर, क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. ३००डीचा सेन्सर २२.७ बाय १५.१, म्हणजे ३४३च्या आसपास. क्षेत्रफळ अडीच पटींनी कमी, किंमत त्याहून कितीतरी जास्त पटींनी कमी. स्वस्त डीएसएलआर शक्य झाला तो मुख्यतः यामुळे. एपीएस-सी म्हणतात तो आकार हाच. कॅननमध्ये १.६ आणि निकॉनमध्ये १.५ हा जो गुणक लेन्सला लावायचा असतो तो इथून आला.

म्हणजे २००३ची मोठी काटछाट सेन्सरच्या आकाराची होती, आणि ती करून झाल्यावर उरलेला सेन्सर स्वस्त आणि महाग बॉडीत सारखाच राहिला. बाकी जे कापलं ते हाताला आणि डोळ्याला जाणवणारं. आपल्याला, म्हणजे मोजमाप करणाऱ्यांना, हे फार सोयीचं आहे.

निकॉनने वेगळ्या ठिकाणी कात्री चालवली, आणि तिचा त्रास सेकंडहँड घेणाऱ्यांना आजही होतो. निकॉनचा एफ माउंट १९५९चा. ऑटोफोकस आला तेव्हा त्यांनी मोटर बॉडीत ठेवली आणि एका बारीक स्क्रूने लेन्स फिरवली. कॅननने १९८७ला जुना माउंट सरळ मोडीत काढला, नवा ईएफ माउंट पूर्ण इलेक्ट्रॉनिक केला आणि मोटर लेन्समध्ये टाकली. जुने ग्राहक तेव्हा चिडले, पण पुढे त्याचा उपयोग झाला: कॅननच्या कुठल्याही डीएसएलआरवर कुठलीही ईएफ लेन्स फोकस होते. निकॉनने २००६च्या अखेरीस डी४० आणला तेव्हा बॉडीतली मोटर काढून टाकली. डी६०, डी३०००ची मालिका, डी५०००ची मालिका, सगळ्यांत हेच. म्हणून या बॉडींवर जुनी एएफ किंवा एएफ-डी लेन्स बसते, मीटर चालतो, पण फोकस हाताने करावा लागतो. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली लेन्स असेल तर तिच्यात स्वतःची मोटर असते. (एएफ-पीचं पुन्हा वेगळं आहे, ती डी४०सारख्या जुन्या बॉडींवर चालतच नाही. घेण्याआधी कंपनीच्या मॅन्युअलमधला कोष्टक बघाच.)

गंमत अशी की या काटछाटीतून एक फायदाही निघाला. डी४०मध्ये मोटरच्या जोडीला माउंटजवळचा तो एक खटकाही नव्हता, जो १९७७च्या आधीच्या लेन्सला अडकून तुटू शकतो. म्हणून सगळ्यात स्वस्त बॉडीवर निकॉनच्या साठच्या दशकातल्या लेन्ससुद्धा सुखाने बसतात. मीटर चालत नाही, ऑटोफोकस अर्थातच नाही. पण ट्रायपॉडवर लावून, अंतर ठरवून, तोच प्लॉट दर आठवड्याला टिपायचा असेल तर या दोन्हींची गरज काय? हातफोकसची जुनी मॅक्रो लेन्स अशा कामाला उत्तम.

तर आता माझा पावसाळा.

पहिल्या वर्षी मी कोकणातल्या एका सड्यावर १४ प्लॉट आखले आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला वरून फोटो काढले. प्रत्येक फोटोतून एकच आकडा काढायचा: हिरव्या चॅनेलची सरासरी भागिले लाल, हिरवा, निळा यांची बेरीज. ही पद्धत माझी नाही. अमेरिकेतलं फेनोकॅम नावाचं जाळं जंगलांवर लावलेल्या कॅमेऱ्यांतून वर्षानुवर्षं हेच करतं. आलेख आला तो भलताच. जुलैमध्ये, सडा डोळ्यांना हिरवागार दिसत असताना, आकडा खाली. मी दोन आठवडे त्यावर जीवशास्त्र रचत बसलो. पाणी साचल्याचा ताण, शेवाळ, काय काय. शेवटी गाइड मॅडमनी एक फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "व्हाइट बॅलन्स कशावर होता रे?"

ऑटोवर होता. आणि फाइल जेपेग. ऑटो व्हाइट बॅलन्स ढोबळमानाने असं धरून चालतो की चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी असावी. चौकट हिरवी झाली की तो हिरवा मागे खेचतो. म्हणजे मला जे मोजायचं होतं नेमकं तेच कॅमेरा दर आठवड्याला इमानदारीने पुसत होता. रॉ फाइल असती तर नंतर सगळं परत मिळालं असतं. सेन्सरचा प्रतिसाद प्रकाशाच्या प्रमाणात सरळ रेषेत असतो, आणि रॉमध्ये तो जवळपास तसाच उतरतो. जेपेगमध्ये तो वाकवला जातो आणि प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्यांत कोंबला जातो. ग्रे कार्ड चौकटीत असतं तरी थोडंफार वाचवता आलं असतं. तेही नव्हतं. चार महिन्यांतून उरल्या त्या प्रजातींच्या याद्या.

यात कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता, आणि माझ्या हातात महागडी बॉडी असती तरी हेच झालं असतं. पण यामुळे मी जुने कॅमेरे एका वेगळ्या प्रश्नाने बघायला लागलो: मोजमापाला जे लागतं ते स्वस्त बॉडीत कधी आलं?

रॉ सुरुवातीपासून आहे, ३००डीतसुद्धा. मॅन्युअल एक्स्पोजर आणि ठरवून दिलेला व्हाइट बॅलन्सही. म्हणजे गाभा २००३पासून तुमच्या बजेटमध्ये आहे. त्यानंतरचं एक वर्ष मात्र मी खूण म्हणून वापरतो: २००८. त्या वर्षाच्या सुरुवातीला कॅननचा ४५०डी आला. त्यात तीन गोष्टी एकदम आल्या. एक, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर चित्र दहा पट मोठं करून फोकस लावता येणं. (ऑलिंपसने हे २००६ला ई-३३०मध्ये दिलं होतं.) पेंटामिररच्या त्या अंधाऱ्या भोकातून मॅक्रोचा फोकस लावून बघा, मग लाइव्ह व्ह्यूची किंमत कळेल. दोन, कॉम्पॅक्टफ्लॅशऐवजी एसडी कार्ड. कॉम्पॅक्टफ्लॅशचा रीडर आता आपल्याकडच्या लॅबमध्ये कुणाच्या ड्रॉवरमध्ये सापडतो का बघा. तीन, १४ बिटचं रॉ. म्हणजे ४,०९६ऐवजी १६,३८४ पायऱ्या. तिसऱ्याचा फायदा सावलीतल्या भागात थोडा होतो, पण त्यासाठी अडून बसू नका.

पण २००८नंतरचं सगळंच चांगलं असंही नाही. कात्री थांबलेली नव्हती. निकॉनचा डी३००० २००९चा, आणि त्यात लाइव्ह व्ह्यू नाही. डी३१००मध्ये, २०१०ला, तो आला. नावात फरक एका आकड्याचा. कॅननने २००६पासून स्वस्त बॉडीत सेन्सर हलवून धूळ झटकायची सोय दिली होती, ती ११००डीमध्ये, २०११ला, काढून घेतली; १२००डी, १३००डीमध्येही ती नाही. सगळ्यात अलीकडची उदाहरणं तर चमत्कारिक आहेत. ३०००डीचा लेन्स बसवायचा माउंट चक्क प्लास्टिकचा. २००डी मार्क टूमध्ये वरच्या फ्लॅशच्या खाचेतली मधली पिन नाही, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांचे साधे फ्लॅश पेटत नाहीत. हर्बेरियमचे नमुने किंवा कीटक फ्लॅशवर टिपणाऱ्यांनी हे आधी बघावं. दोन-चार रुपयांच्या पिनवर वाचवलेले पैसे तुमच्या प्रयोगाला नडतील.

मेगापिक्सेलवर मी एवढंच म्हणेन. ६ मेगापिक्सेलची चौकट रुंदीला ३,०७२ पिक्सेल, २४ची ६,०००. मीटरभर रुंदीचा प्लॉट टिपला तर एका पिक्सेलला ०.३३ मिलिमीटरऐवजी ०.१७. चौपट मेगापिक्सेल, बारकावा दुप्पट. सड्यावर सीतेच्या आसवांची फुलं मोजायची असतील तर हा फरक कामाचा. सरासरी हिरवेपणा काढायचा असेल तर अजिबात नाही.

स्वस्त बॉडीवर खरंच विज्ञान होतं का, ही शंका रास्त आहे. सारथी तारकासमूहात एप्सिलॉन ऑरिगे नावाचा तारा आहे. दर २७ वर्षांनी त्याला ग्रहण लागतं आणि ते दीड-दोन वर्षं चालतं. २००९ ते २०११च्या ग्रहणात सिटिझन स्काय नावाच्या प्रकल्पात हौशी लोकांनी साध्या डीएसएलआरने त्याची तेजस्विता मोजली. मोठ्या दुर्बिणींना हा तारा फार तेजस्वी पडतो, म्हणून उलट छोटी साधनं बरी. त्यांची शिस्त बघा: रॉ, आयएसओ एकच, फोकस मुद्दाम किंचित बिघडवलेला म्हणजे ताऱ्याचा प्रकाश अनेक पिक्सेलवर पसरतो, मोजणी हिरव्या चॅनेलवर, आणि त्याच चौकटीत तुलनेला माहितीचे तारे. काळजी घेतली तर शतांश मॅग्निट्यूडच्या आसपास पोचता येतं. माझं ग्रे कार्ड आणि त्यांचे तुलनेचे तारे एकच काम करतात.

आता बाजाराची आजची स्थिती. निकॉनचा डी३५०० ऑगस्ट २०१८चा, त्या पायरीवरचा शेवटचा. २०२०नंतर कॅनन किंवा निकॉन, दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही. सगळं लक्ष मिररलेसवर. म्हणजे तुम्ही ज्यात शिरताय तो बंद पडत चाललेला दर्जा आहे. बजेटवाल्याला यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, लोक बॉडी आणि लेन्स विकतायत. पण बॅटरी, शटर, दुरुस्ती यांचा विचार आजच करायला हवा. दोन वर्षांनी तोच मॉडेल शोधताना त्रास होईल, आणि मध्येच सेन्सर बदलला तर दोन वर्षांचा डेटा एकमेकांना जुळवत बसावं लागेल. परवडत असेल तर त्याच मॉडेलची दुसरी जुनी बॉडी घेऊन ठेवा. विनोद नाही, मी ठेवली आहे.

पंचवीस हजारांचं काय करायचं, तर मी बॉडीवर निम्म्याच्या वर जाणार नाही. २००८नंतरची, लाइव्ह व्ह्यू असलेली, कंपनी कुठलीही. ठरावीक वेळाने आपोआप फोटो हवे असतील तर कॅननच्या ११००डी, ६००डीसारख्या जुन्या बॉडी बघा. त्यांच्यावर मॅजिक लँटर्न हे फुकट सॉफ्टवेअर चालतं आणि त्यात इंटरव्हॅलोमीटर आहे. शटरची चिंता हिशेबाने करा: दर दहा मिनिटांनी एक, दिवसाचे बारा तास, १२० दिवस, म्हणजे ८,६४० फोटो. निकॉनने डी३५००चं शटर एक लाखापर्यंत तपासलेलं आहे. निकॉनच्या फाइलमध्ये आतापर्यंतची शटरची संख्या लिहिलेली असते, कॅननच्या बहुतेक फाइलींत नसते. उरलेल्या पैशांत लेन्स, डगमगणार नाही असा ट्रायपॉड आणि ग्रे कार्ड.

बघायला जाताना लॅपटॉप आणि टॉर्च न्या. लेन्समधून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का बघा, ती बुरशी. आपल्या दमट हवेत ती फार होते आणि शेजारच्या लेन्सलाही लागू शकते. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आमच्याकडे तो डबा पूर्वी तांदळाचा होता. मग एफ/१६वर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो, रॉमध्ये, फोकस बिघडवून. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. रेघ किंवा ओरखडा दिसला तर उठून या.

आणि ग्रे कार्डावर प्लॉटचा नंबर पेन्सिलने लिहा. जेल पेन पावसात पहिल्या तासात वाहून जातं.